जमादारच्या जागी

वाडी, नागपूर
२२ फेब्रुवारी १९७६

चि. रवीस,
ताईचा सप्रेम जयभीम.

दिवाळीनंतर तुझं पत्र नाही. काजीपेठच्या रेल्वे शेडमध्ये काम वाढलं असेल, असं मी बाबांना सांगते आणि ते मान हलवतात. बाकी घरी सगळं ठीक. बाबांचे डोळे होते तसेच आहेत. काचबिंदूवर आता काही होणार नाही, हे डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. पण अंगणातून खुराड्यापर्यंत ते भिंतीला हात लावत जातात, दाणा टाकतात आणि परत येतात. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालाच्या बिल्ट्या लिहीत बसलेली असते तेव्हा कोंबड्यांकडे तेच बघतात. बघतात म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

आज लिहायला बसले ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. गेल्या वर्षी आपल्या जमादार कोंबड्याची जी पहिली पिल्लं निघाली, त्यांतल्या चांगल्या तरण्या माद्या, तलंगा, मी निवडून ठेवल्या होत्या. आखूड चोच, रुंद छाती, घोट्यापर्यंत घट्ट पिसं, असं पाहून. त्या यंदा अंड्यावर आल्या. बाबांच्या पद्धतीने मी त्या पुन्हा जमादारबरोबरच सोडल्या, म्हणजे बापाची ठेवण पिल्लांत पक्की होईल. जानेवारीत दोन खुडूक कोंबड्या रवणीला अंड्यांवर बसवल्या. पिल्लं चांगली निघाली. आता ती तीन आठवड्यांची होतील. आज रविवार, म्हणून सावकाश त्यांना उन्हात सोडलं, आणि पाहते तर दोन-तीन पिल्लांच्या डोक्यावर उभा, करवतीसारखा तुरा.

मी आधी हसले. वाटलं, ऊन डोळ्यांवर आलं असेल. मग एकेक हातात घेऊन पाहिलं. करवतच आहे, रवी. शेजारच्या कोणत्याही गावरान कोंबडीला असतो तसा.

आपल्याकडे असा तुरा कधी आला नाही. वाटाण्याचे बारीक दाणे तीन ओळींत दाबून बसवावेत तसा, डोक्याला चिकटलेला, तोच आपला तुरा. रामटेकजवळच्या गावाहून बाबांनी टोपलीत घालून जी जोडी आणली, तिच्यापासून आजवर दुसरा तुरा या अंगणात दिसलेला नाही. तू तिकडे आंध्रातले असील कोंबडे पाहतोस. अस्सल जातीत कधी असं मागच्या कुठल्या पिढीतून वर येतं का? तिथल्या जाणत्या माणसाला विचार.

बाबांना मी बोलले नाही. ती पिल्लं वेगळ्या डालग्याखाली ठेवली आहेत. तो तुरा त्यांच्या बोटांना लागला तर त्यांना वाईट वाटेल. रामटेकच्या वामनराव मास्तरांना मी उन्हाळ्यात जमादारचा एक पिलकोंबडा आणि दोन तलंगा दिल्या होत्या, त्याचीही काळजी लागली आहे. ते आपल्या शब्दावर घेऊन गेले.

जेवणाची आबाळ करू नकोस. तुझ्या दोस्ताचा, देवरावचा ट्रक तिकडे जाईल तेव्हा त्याच्या हाती तिखट पाठवते.

तुझी ताई,
प्रेमिला


वाडी
२८ मार्च १९७६

चि. रवीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. बाबांना वाचून दाखवलं, म्हणजे कोंबड्यांचा भाग सोडून. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. तुला क्वार्टर मिळालं याचा त्यांना आनंद झाला.

तू लिहितोस की शेजारचा एखादा गावरान कोंबडा कुंपणावरून आत आला असेल. तसं होण्यासारखं नाही. तू गेल्यावर मी खुराड्याच्या वरूनही जाळी मारून घेतली, मांजरांसाठी. पुढे लिहितोस की जुन्या कोंबड्यांपैकी एखादीत आधीपासून दोष असेल. त्या कोंबड्या बाबांच्या हाताखालच्या आहेत. त्यांच्या आया मला आठवतात, तुलाही आठवत असतील. आई गेली तेव्हा तू तिसरीत होतास आणि शाळेतून आलास की त्यांतल्याच एकीला मांडीवर घेऊन बसायचास. त्यांच्यात दोष नाही.

मग राहतो कोण, तूच सांग.

मी एक करून पाहते आहे. बाबा नवीन कोंबडा घेताना करायचे तेच. करवती तुऱ्याची साधी गावरान कोंबडी त्याच्याबरोबर ठेवायची. कोंबडा अस्सल असेल तर सगळ्या पिल्लांना त्याचाच तुरा येतो, एकही सुटत नाही. कोंबडा मिसळीचा असेल तर निम्म्यांना आईचा येतो. शेजारच्या अंजनाबाईंकडे कोंबडी मागायला गेले तर त्या म्हणाल्या, "माही कोंबडी तुया जमादारापाशी? मंग पिल्लं कोनाचे वं?"

मी म्हटलं, "पिल्लं तुमचेच. मले फक्त पाहू द्या."

"पाहून काय करतं?"

"पाहून झालं का सांगतो."

कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवून मग आत सोडली आहे. अंडी जमतात आहेत. त्याच्यात काही निघणार नाही, अशी माझी खात्री आहे. जमादारला मी सव्वा महिन्याचा असल्यापासून ओळखते. गिरणीच्या फाटकावरच्या जमादारासारखा ताठ उभा राहतो म्हणून बाबांनीच ते नाव ठेवलं. तरी एकदा संशय फिटलेला बरा.

देवरावच्या हाती पाठवलेलं तिखट मिळालं का, ते तू लिहिलं नाहीस.

ताई


वाडी
२ मे १९७६

रवी,
जयभीम.

अंजनाबाईंच्या कोंबडीची पिल्लं निघाली आणि आता त्यांचे तुरे स्पष्ट दिसतात. निम्म्यांना आपला, निम्म्यांना करवत. अंजनाबाई खूश आहेत, पिल्लं तगडी आहेत म्हणून. मी त्यांना काही बोलले नाही.

खुराड्यातला कोंबडा अस्सल नाही. मी ज्याला दीड वर्ष जमादार म्हणून हाक मारली, तो जमादार नाही.

मी चार दिवस विचार केला की असं कसं झालं असेल. मला एवढंच आठवतं. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात मला टायफाइड झाला. मी दवाखान्यात होते, मग कोराडीला मावशीकडे. घरी आले तेव्हा दसरा जवळ आला होता आणि तुझी निघायची तयारी चालली होती. मी खुराड्याशी गेले. कोंबडा पिसं टाकत होता, अंग बोडकं झालेलं, रंग उडालेला. तुरा कापलेला होता. तू म्हणालास, कोंबड्यांना देवी आल्या होत्या, तुऱ्यावर फोड धरले, कापावा लागला. माझ्या अंगात उभं राहण्याची ताकद नव्हती. मी जाळीतून पाहिलं. पायात तांब्याच्या तारेचं कडं होतं, मीच वळून घातलेलं. कडं पाहिलं आणि माझं समाधान झालं. नवीन पिसं आली तेव्हा रंग थोडा वेगळा वाटला, पण पिसं बदलल्यावर रंग बदलतो, असं मी स्वतःशीच म्हटलं.

ते कडं काढायला पक्कड लागते. ते आपोआप निघून दुसऱ्या पायात जात नाही.

मी तुझ्यावर काही आरोप करत नाही. कदाचित जमादार देवीनेच मेला असेल आणि मी आजारी म्हणून तू सांगितलं नसशील. तसं असेल तर मला राग येणार नाही. माझ्या जिवाला लागू नये म्हणून तू तसाच दुसरा आणून ठेवलास, असं मी समजेन. फक्त तसं लिही. एका ओळीचं कार्ड टाकलंस तरी चालेल.

हा कोंबडा कुठला आणि माझा कुठे आहे?

प्रेमिला


वाडी
२० जून १९७६

रविंद्र,

कार्ड आलं नाही. त्याची आता गरज उरली नाही. देवराव येऊन गेला.

परवा त्याचा ट्रक आमच्या गोदामावर माल उतरवायला लागला होता. हमाल जेवायला गेलेले, म्हणून तो माझ्या टेबलाशी येऊन बसला. चहा मागवला. तुझी खुशाली विचारली, तर तो खुशीत येऊन सांगू लागला.

"रवी मजेत आहे, ताई. त्याचा कोंबडा तं काय बाप्पा. तिकडं विजयवाड्याकडं नाव आहे त्याचं. संक्रांतीले दोन मारले, त्याच्या आधी एक. लोक पाहाले येतात."

मी विचारलं, "कोणता कोंबडा?"

"हाच न, तुमच्या घरचा. लाल, काळ्या छातीचा. मीच तं नेला माया ट्रकात. तुमी तवा बिमार होत्या." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने कप खाली ठेवला. "तुमाले मालूम नव्हतं का, ताई?"

मी म्हटलं, "मालूम होतं."

का म्हटलं, ते मला माहीत नाही. तुझ्या मित्रासमोर तुला उघडं पाडणं मला जमलं नाही. तो गेल्यावर मी बिल्ट्यांवर चुकीची गावं लिहिली आणि त्या पुन्हा लिहाव्या लागल्या.

तेव्हा जमादार जिवंत आहे आणि तू त्याला झुंजवतोस. पायाला धारदार पातं बांधून.

तू लहान होतास म्हणून तुला कदाचित नीट आठवत नसेल. मला आठवतं. गावच्या मालगुजाराचे झुंजीचे कोंबडे आपले बाबा वाढवायचे. वर्षभर त्यांना दाणा चारायचा, तेल चोळायचं, रात्री उशाशी घेऊन निजायचं, आणि जत्रेच्या दिवशी मालगुजाराच्या हातात द्यायचे. कोंबडा जिंकला की फेटा मालगुजाराला. बाबा रिंगणाच्या बाहेर उभे, मेलेला कोंबडा उचलायला. छप्पन साली दीक्षा घेतली आणि ते गाव सोडून नागपूरला आले, तेव्हा त्यांनी ती एक जोडी बरोबर आणली. लोक म्हणाले, झुंज सोडली तर कोंबडे कशाला ठेवता? बाबा म्हणाले, कोंबड्यानं काय बिघडवलं? झुंज त्यांची होती, कोंबडा माया आहे. त्या दिवसापासून आपल्या घरचा एकही कोंबडा रिंगणात उतरला नाही. कितीजण दारात येऊन मागून गेले, बाबांनी दिला नाही.

मी ते पुढे चालवत होते. मला त्यातून मोठं नाव नको होतं. अंगणातली ही एक जात स्वच्छ राहावी, तिची छाती, तिचं उभं राहणं, तिचा शांतपणा टिकावा, एवढंच मी पाहत होते. हो, शांतपणा. तुला तो दिसला नसेल. तुला त्याच्यात दुसरंच काही दिसलं.

तुला कोंबडा हवा होता तर तू मागितला असतास. मी दिला नसता, हे तुला माहीत होतं, म्हणून मागितला नाहीस. इथपर्यंतही मी समजू शकते. पण बाजारातून त्याच्यासारखाच दिसणारा शोधून आणायचा, त्याचा तुरा कापायचा, तो खरा आहे असं मला वाटावं म्हणून पकडीने कडं काढून त्याच्या पायात घालायचं. आणि माझ्या अंगात ताप असताना माझ्यासमोर उभं राहून देवीची गोष्ट सांगायची. ते मला समजत नाही. मी तेव्हा तुला म्हटलं होतं, बरं झालं तू घरी होतास.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. या वयात त्यांना हे कळू नये असं मला वाटतं.

जमादार परत पाठव. देवरावला सांगितलंस तर तो आणेल.

प्रेमिला


वाडी
८ ऑगस्ट १९७६

रविंद्र,

कोंबडाही आला नाही आणि पत्रही नाही. तरी मी लिहिते आहे, कारण दुसऱ्या कोणाला लिहावं असं हे नाही.

गेल्या रविवारी मी रामटेकला गेले होते, वामनराव मास्तरांकडे. सगळीकडे धानाची रोवणी चालली आहे, त्यांच्याही बांधीत बाया होत्या. मी त्यांना सांगितलं, मी दिलेली पाखरं मिसळीची निघाली, कोंबडा बदलला गेला होता. कोणी बदलला ते सांगितलं नाही. मास्तरांनी मला बांधावर बसायला सांगितलं. मग म्हणाले, "बाई, मी यांची अंडी भंडाऱ्याच्या एका गृहस्थांना दिली. दादाजींच्या, तुमच्या वडिलांच्या घरची जात आहे, असं सांगून दिली."

मी म्हटलं, "त्यांचा पत्ता द्या. मी त्यांनाही लिहिते."

"नको. माझं मी सांगतो." ते रागावले नाहीत. चहा दिला, मोटार स्टँडपर्यंत पोचवायला आले. दरवेळी पुढच्या हंगामाच्या अंड्यांचं विचारतात, ते या खेपेला विचारलं नाही.

बसमध्ये मी ठरवलं की आता बाबांना सांगायचं. भंडाऱ्यापर्यंत गोष्ट पोचली, म्हणजे ती आज ना उद्या त्यांच्या कानी जाणार. ती बाहेरून कळण्यापेक्षा मी सांगितलेली बरी. घरी आले तेव्हा ते ओसरीवर खाटेवर बसले होते. मी पाय धुतले, त्यांच्याजवळ बसले.

"बाबा, तुमाले एक सांगायचं होतं. जमादारचं."

"तो जमादार नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"खुराड्यातला तो जमादार नाही. मले मालूम आहे."

"केव्हापासून?"

"पयल्या दिवसापासून. सकाळी दाना द्याले गेलो, धरला हातात. छातीचं हाड दुसरं. मान दुसरी. हातात घेतल्यावर जमादार अंग सैल सोडे, यानं चोच मारली."

"अन् रवीले इचारलं नाही तुमी?"

"काय इचारू? मी इचारलं असतं तं तो खोटं बोलला असता. पोराले खोटं बोलाले लावावं का बापानं?"

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू बिमार होती."

"दिवाळीले मी बरी झाली होती, बाबा."

ते खाटेची सुतळी बोटाने चाचपत राहिले. मी उठले नाही. मला उत्तर हवं होतं. शेवटी म्हणाले, "वाटे, आनीन तो परत. आज आनीन, उद्या आनीन. पोरगा आहे वं माया. तुले सांगतलं असतं तं तू त्याले घरात पाय ठेवू देला नसता."

"अन् मी दीड वर्ष त्या कोंबड्यापासून रवन घालून राहिली, पिल्लं निवडून राहिली, लोकायले देऊन राहिली, त्याचं?"

"तू तं घरीच आहे न, प्रेमिला," ते म्हणाले. "पुन्हा करशीन."

ते हे मला दुखवायला म्हणाले नाहीत. अगदी साधेपणाने म्हणाले, मला धीर द्यावा तसे. मी उठले. आत गेले, भाकरी टाकल्या, त्यांना वाढलं.

रवी, तू मला एकदा फसवलंस आणि निघून गेलास. त्यांनी मला रोज फसवलं. मी ऑफिसातून आले की एकेक पिल्लू त्यांच्या हातात देत असे. ते छातीवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, बरं आहे, ठेव. ज्यांना मी ठेवलं ती त्यांच्या शब्दावर ठेवली. दर वेळी त्यांना माहीत होतं. करवती तुऱ्याची पिल्लं मी त्यांच्यापासून लपवत होते, त्यांना वाईट वाटू नये म्हणून, आणि त्याच वेळी ते तुला माझ्यापासून लपवत होते.

या घरात मीच एकटी अशी होते, जिला खुराड्यात कोण आहे ते माहीत नव्हतं.

त्यांच्याशी मी बोलते. जेवलात का, औषध घेतलं का, एवढं बोलते. कोंबड्यांविषयी नाही. त्यांनीही नंतर तो विषय काढला नाही. पिल्लं आता मी त्यांच्या हातात देत नाही. संध्याकाळी मी आले की ते हात जरासे पुढे करतात, मग मागे घेतात.

तो खोटा कोंबडा मी अंजनाबाईंना देऊन टाकला. त्याच्यावर माझा राग नाही. तो स्वतःहून इथे आला नव्हता. तलंगाही वाटून टाकल्या, अस्सल नाहीत असं प्रत्येकाला सांगून. बाबांच्या हाताखालच्या दोन म्हाताऱ्या कोंबड्या तेवढ्या राहिल्या आहेत. त्याही आता क्वचितच अंडं देतात. खुराडं मोठं दिसतं.

जमादारला परत पाठव. हे मी शेवटचं लिहिते.

प्रेमिला


वाडी
१३ फेब्रुवारी १९७७

रविंद्र,

देवरावने तुझी चिठ्ठी दिली आणि टोपली दिली. दोन्ही मिळाल्याचं कळवणं माझं काम आहे, म्हणून लिहिते.

जमादार यंदाच्या संक्रांतीला मेला, असं तू लिहितोस. नवीन गावी तुला कोणी विचारत नव्हतं, शेडमधल्या लोकांना कोंबड्यांचा नाद होता, एकदा त्यांना दाखवावं म्हणून नेलास, मग सोडवेना. त्याच्याजवळ बसून रडलास, असंही लिहितोस. रडला असशील. तू लहानपणीही कोंबडी मेली की रडायचास. पण माझी पत्रं तुझ्याजवळ होती तेव्हा तो जिवंत होता. जूनमध्ये होता, ऑगस्टमध्ये होता, दिवाळीत होता. मी मागत होते आणि तू त्याला संक्रांतीसाठी तयार करत होतास. तो चोरून नेलास त्याहून मला हे जास्त लागलं. पहिल्या खेपेला तू मला न विचारता नेलास. दुसऱ्या खेपेला मी हात जोडून विचारलं होतं.

टोपलीतला पिलकोंबडा पाहिला. जमादारचाच आहे, त्यात शंका नाही. तिकडच्या कोंबडीपासूनचा म्हणजे अर्धाच आपला, पण उभा राहतो तसाच. पाय पिवळे आहेत, चोच आखूड आहे, मान वळवून पाहण्याची तीच सवय. अजून झुंजवलेला नाही असं तू लिहितोस. पायांवर खूण नाही, म्हणून विश्वास ठेवते. आता तुझ्या शब्दावर ठेवत नाही, पायांवर ठेवते.

मी त्याला लगेच परत करणार होते. देवराव म्हणाला, "परत कुठी नेऊ, ताई? वाटेत मरन तो." म्हणून ठेवून घेतला.

त्या वेळी बाबा ओसरीवर होते. ट्रकचा आवाज त्यांनी ऐकला होता, देवरावचाही. मी सहा महिन्यांत त्यांच्या हातात एकही पाखरू दिलं नव्हतं. काय वाटलं कोण जाणे, मी कोंबडा टोपलीतून काढला आणि काही न बोलता त्यांच्या मांडीवर दिला.

त्यांनी दोन्ही हातांनी धरला. आधी पाठीवरून, मग पंखांखालून, मग छातीच्या हाडावरून अंगठा खालपर्यंत नेला. कोंबड्याने अंग सैल सोडलं. बाबांचे हात थांबले. मानेवरून वर जाऊन त्यांनी तुरा चाचपला, हळूहळू, तिन्ही ओळी. मग पुन्हा छाती. मी समोर उभी होते. मला वाटत होतं, आता ते माझं नाव घेतील. इतके महिने मी कसल्या तरी एका शब्दाची वाट पाहत होते. तो कोणता शब्द हे मलाही सांगता येत नव्हतं, पण तो आता येईल असं वाटलं.

त्यांनी मान वर केली आणि तोंड दाराकडे वळवलं.

"बाहीर काहून उभा आहे गा?" ते म्हणाले. "ये न अंदर. कोनी काही म्हनत नाही."

दारात कोणी नव्हतं. देवराव केव्हाच निघून गेला होता.

ते खाटेवरून उठायला लागले, कोंबडा एका काखेत धरून. तोल जाईल म्हणून मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. म्हटलं, "बाबा, रवी नाही आला. त्यानं कोंबडा पाठवला."

"आला नाही?"

"नाही. मी आहे."

ते पुन्हा बसले. थोड्या वेळाने कोंबडा त्यांनी माझ्याकडे दिला. चेहरा दाराकडेच होता. मला त्यांचा राग आला नाही. राग यायला हवा होता, पण ते फार म्हातारे दिसले, आणि त्यांच्या शर्टाच्या बाहीला कोंबड्याचं एक पीस चिकटलं होतं, ते मी काढलं.

मी पिलकोंबडा त्या दोन म्हाताऱ्या कोंबड्यांबरोबर सोडला आहे. एकीने परवा अंडं दिलं. चार-पाच जमली तर उन्हाळ्याच्या आत एक रवण बसवीन. निघतील त्यांतली फार तर एखाद-दोन ठेवण्यासारखी असतील. मग त्यांतून पुढे. किती वर्षं लागतील, ते मी मोजत नाही. बाबा म्हणाले होते पुन्हा करशील, म्हणून मी हे करत नाही. मला ती जात हवी आहे, म्हणून करते. वामनराव मास्तरांना कार्ड टाकलं की पाखरं देण्याजोगी झाली की आधी तुम्हाला दाखवीन, तोवर कोणालाही देणार नाही.

तू चिठ्ठीत विचारलं आहेस की मी येऊ का. ये. एप्रिलच्या आधी ये, बाबांना ऊन सोसत नाही आणि त्यांचं काही सांगता येत नाही. त्यांच्याजवळ बस, त्यांना हात लावू दे. ते तुला काही विचारणार नाहीत, तेव्हा तुला खोटंही बोलावं लागणार नाही. कामाच्या दिवशी ये, मी ऑफिसात असेन. स्वयंपाक करून ठेवीन, तुला आवडतं ते वांग्याचं भरीत करीन. जेवून जा.

घराचं दार उघडंच असतं. खुराड्याला मी कुलूप लावलं आहे आणि त्याची किल्ली माझ्याजवळ असते.

प्रेमिला